चपलेचा ळ

सुष्माला पहिला राग आला तो खोटेपणाचा नव्हे, अक्षराच्या आकाराचा. गुरुवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. पिवळट, कडा कुरतडलेला कागद; वर मोठ्या अक्षरांत 'तुळजाप्रसाद मराठा मंडळ, म्हैसूर. नियमावली, सन १९३६'. खाली ओळीनं अकरा नियम. सगळं तिनं स्वतः घडवलेल्या 'झीज' नावाच्या फॉन्टमध्ये. मथळ्याचं एक वेळ समजू शकतं, पण नियमसुद्धा? बारा पॉइंटात? हे अक्षर चोविसाच्या खाली लावू नका, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानीकपाळी ओरडत आली होती, आणि इथं कुण्या महाभागानं अख्खा कायदा त्यात बसवला होता. लहान आकारात त्याच्या खाचांची गर्दी होते आणि मजकुराला मुंग्या लागल्यासारखं दिसतं.

मग तिनं नववा नियम वाचला आणि आकाराचा राग कुठल्या कुठं गेला.

'तलवार वाहण्याचा मान मूळ पुरुष वारसाकडेच राहील. ज्या कुळात पुरुष वारस उरला नाही, त्या कुळाचा मान मंडळाच्या अध्यक्षाकडे जाईल.'

अध्यक्ष म्हणजे भुजंगराव. भुजंगराव म्हणजे सुष्माचे सासरे. आणि पुरुष वारस न उरलेलं कूळ मंडळात एकच होतं, गोदावरीबाईंचं.

ही तलवार म्हणजे काही राजवाड्यातली नव्हे. म्हैसूरच्या फौजेत आलेल्या कुण्या पूर्वजाची ती, पितळी मुठीची, आता धार ना पाणी. पण खंडेनवमीला चामराजपुरमच्या मंडळात तिची पूजा व्हायची, आणि दसऱ्याच्या सकाळी, बन्नीमंटपाकडचे रस्ते पोलीस बंद करण्याआधी, तिला खांद्यावर घेऊन चाळीसपन्नास माणसं तिथल्या एका शमीला जाऊन यायची. तलवार गोदावरीबाईंच्या सासरची, म्हणून खांदा त्या घरचा. चौदा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, आणि त्या दसऱ्याला मंडळातले बाप्ये एकेक करून हात वर करून मोकळे झाले. कुणाची बेंगळुरूत ड्यूटी, कुणाची कंबर, कुणाचं आणखी काही. तेव्हा शाळेत शिवण शिकवणाऱ्या या बाईनं पदर खोचला, तलवार खांद्यावर घेतली आणि चालू लागली. तेव्हापासून दर वर्षी तीच. आता एकाहत्तरची झाली तरी वाटेत खांदा बदलत नसे.

भुजंगरावांच्या पोटात मात्र ते सलत होतं. त्यांचे आजोबा रणोजीराव मंडळाचे पहिले चिटणीस. हयातभर दप्तर सांभाळलं, पण तलवार कधी हातात आली नाही. तीन पिढ्यांची ही खंत. त्यातून यंदा मंडळाच्या मिरवणुकीचं चित्रीकरण करायला कुणी येणार होतं. बाई तलवार घेऊन पुढं आणि अध्यक्ष फेटा बांधून मागं, हे चित्र त्यांना झेपेना. बाकी माणूस वाईट नव्हता हो. सुनेला वरची खोली कामाला दिली होती, तिच्या अक्षरांचं कौतुकही करायचा. पण मानापानाचं भूत एकदा मानेवर बसलं की शहाणी माणसंसुद्धा वेड्यासारखी वागतात.

आता अक्षराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. 'झीज' घडवायला सुष्माला दोन वर्षं लागली. जुन्या पोस्टरांची लाकडी अक्षरं खूप छापून झिजतात, त्यांचे कोपरे तुटतात, मध्येच शाई धरत नाही. तसं दिसणारं हे अक्षर. नातेवाइकांनी यथेच्छ हसून घेतलं. शाबूत अक्षर मोडायला कुणी दोन वर्षं घालवतं का? पण अक्षर चाललं. अगरबत्तीच्या पुड्यांवर, कॉफी पावडरच्या पाकिटांवर, कोडगूतल्या होमस्टेच्या पाट्यांवर, नाटकाच्या पोस्टरांवर. काल सुरू झालेल्या प्रत्येक धंद्याला आजोबांच्या काळातलं दिसायचं असतं. सुष्मा गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगायची की हे सोंग आहे, बघणाऱ्यालाही ते सोंग आहे हे ठाऊक असतं, म्हणून त्यात कुणाची फसवणूक नाही. ज्या दिवशी बघणाऱ्याला ते ठाऊक नसेल, त्या दिवशी मी हा धंदा बंद करीन, असंही ती म्हणायची.

ज्या लाकडी अक्षरांचे ठसे घेऊन तिनं हे केलं, तो संच एका हिंदी छापखान्यातून भंगारात आलेला होता. हिंदीत ळ नसतो, म्हणून संचातही नव्हता. मराठी अक्षर करायचं आणि ळ नाही, तर काय करायचं? सुष्मानं दाराबाहेर पडलेली सासऱ्यांची जुनी रबरी चप्पल उचलली, तिची टाच कापून त्यातून ळ कोरला आणि शाई लावून ठसा घेतला. झकास उमटला. टाचेवरच्या तीन तिरक्या रेघा तेवढ्या आल्या, पण त्या झिजेत खपून गेल्या. बाकीच्या अक्षरांची तिनं तीन-तीन रूपं केली होती, एकच खाच पुन्हा पुन्हा दिसू नये म्हणून. ळ एकच ठेवला. कंटाळा केला, दुसरं काय. त्यामुळं 'झीज'मधल्या प्रत्येक ळच्या पोटात त्याच तीन रेघा. आणि नियमावलीत मंडळ, कूळ, मूळ, वेळ, सगळे मिळून सव्वीस ळ होते; सुष्मानं फोटो मोठा करून मोजले.

रक्षित, तिचा नवरा, ऑफिसच्या कॅबची वाट बघत व्हरांड्यात उभा होता.

"माझा फॉन्ट तुझ्या अप्पांना तू दिलास?"

"हो, पेनड्राइव्हवर. दसऱ्याच्या पत्रिकेला हवाय म्हणाले." त्यानं फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "मला हे ठाऊक नव्हतं, सुष्मा. देवाशपथ."

"आता ठाऊक झालं ना?"

"झालं. पण सुम्ने बिडु." कानडीत शिरला की रक्षितला पळ काढायचा असतो, हे लग्नाच्या पंधरा वर्षांत ती शिकली होती. "सोडून दे. तलवारच ती. एक वर्ष अप्पांनी घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

कॅब आली आणि तो गेला. तेवढ्यात गोदावरीबाईंचा फोन आला.

"सुष्मा, तुला जुन्या छपाईतलं कळतं, म्हणून विचारते. तो कागद तू बघितलास?" आवाज रडून रडून बसलेला होता. "रणोजीरावांच्या हातचा कागद मी कसा नाकारू ग? मला खरंच माहीत नव्हतं. चौदा वर्षं मी नेम मोडत आले. यांना वर काय वाटलं असेल? रविवारी सभेत सगळ्यांची माफी मागते आणि तलवार ठेवून देते."

"काकू, माफीबिफी काही मागायची नाही. रविवारपर्यंत थांबा."

"का?"

"थांबा म्हणते ना मी."

तिनं फोन ठेवला. मान काढून घेणं एक झालं. पण ही बाई स्वतःलाच गुन्हेगार समजून बसली होती, आणि ते सुष्माच्या अक्षरांनी झालं होतं. पुडीवरचं सोंग तिथं कुणाच्या जिवाशी आलं होतं. सुष्माला इतका संताप आला की तिनं गॅस बंद केला आणि तशीच, ओल्या हातांनी, समोरच्या खोलीत गेली.

भुजंगराव पेपर वाचत होते.

"मामा, तो कागद कुठं मिळाला?"

"माळ्यावर. रणोजीआजोबांच्या पेटीत." त्यांनी पेपर खाली केला नाही.

"त्यात तुमची चप्पल आहे."

पेपर खाली आला. भुजंगराव काही मठ्ठ नव्हते. क्षणात त्यांना कळलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माघार घेतील ते भुजंगराव कसले.

"हे बघ, तू घरची सून आहेस. घरातली गोष्ट घरात राहते. नियम लिहिलेला नसेल, पण रीत तीच होती. मी फक्त रीत कागदावर आणली."

"मग आजची तारीख घालून आणायची. छत्तीस सालची कशाला?"

"आजच्या कागदाला विचारतो कोण?" ते म्हणाले, आणि हे बोलताना ते जवळजवळ खरं बोलत होते. "तू अक्षरं कर, सुष्मा. तलवारीचं आम्ही बघतो."

"माझ्या अक्षरांनी खोटं बोललात तुम्ही. तो कागद मागं घ्या. सापडला तसा हरवला म्हणा, मी कुणापाशी बोलणार नाही."

"आणि नाही घेतला तर?"

"तर मी सभेत उभी राहीन."

"उभी राहा. पण मग संध्याकाळी या घरात परत यायची तसदी घेऊ नकोस."

स्वयंपाकघराच्या दारात सिंधूबाई उभ्या होत्या. सुष्मा सासूला आत्या म्हणे. त्या एवढंच म्हणाल्या, "पोळ्या गार होतायत." बायकोनं सगळं ऐकलंय हे भुजंगरावांना कळलं होतं, पण बायको ही त्यांच्या हिशेबात कधी धरलेलीच नव्हती.

तीन दिवस सुष्मा धड जेवली नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. वरच्या खोलीत तिचं सगळं काम, मुलगी सहना सातवीत, नवरा असा कानडीत पळणारा. शनिवारी तिनं कपाटातून चपलेचा तो रबरी तुकडा शोधून काढला, शाई लावून चार ठसे घेतले, लॅपटॉपशेजारी पिशवीत भरले. मग स्वतःशीच म्हणाली की घालवतील तर घालवू देत, कॉफीच्या पाकिटांवर भाड्याची खोली तरी निघेल.

रविवारी दहाला मंडळाचा हॉल भरला. पुढच्या खुर्चीत जगन्नाथराव होते, वय चौऱ्याऐंशी. मंडळात शेवटचा शब्द त्यांचा. गोदावरीबाई भिंतीशी, डोळे सुजलेले. भुजंगरावांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. त्यांनी नववा नियम खणखणीत वाचला आणि दुःखानं मान हलवत म्हणाले, "माझ्या मनात नाही. पण पूर्वजांचा शब्द."

गोदावरीबाई माफी मागायला उठू लागल्या. सुष्मा त्यांच्याआधी उठली.

"काकू, बसा. तो कागद खोटा आहे. अक्षर माझं आहे, चार वर्षांपूर्वी केलेलं."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. भुजंगराव हसले. "सून आमची कलाकार. जुनं अक्षर बघून तिनं नवं केलं, आता म्हणते जुनंच तिचं."

"ह्या ळमधल्या तीन रेघा बघा," सुष्मानं ठसे जगन्नाथरावांच्या मांडीवर ठेवले, वर तो रबराचा तुकडा. "मामांच्या चपलेच्या टाचेच्या आहेत. कागदात सव्वीस ळ आहेत आणि सव्वीस ठिकाणी ह्याच रेघा आहेत. चप्पल कापल्याची गोष्ट मी सांगायला नको, मामांनीच सांगितलीय."

सांगितली होतीच. गेल्या चार वर्षांत मंडळात झालेल्या प्रत्येक लग्नात भुजंगरावांनी ती रंगवून सांगितली होती, की आमच्या सूनबाईनं अक्षरासाठी सासऱ्याला अनवाणी केलं. हॉलमधला एक माणूस असा नव्हता की ज्यानं ती ऐकली नव्हती. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू हॉलभर पसरलं.

"आणि नियम कुणी पोस्टरच्या अक्षरात छापत नाही," सुष्माला आता थांबता येईना. "नियमांना शिशाची ओतीव बारीक अक्षरं, खिळे, लावतात. लाकडी अक्षर कागदात रुततं, मागून हाताला लागतं. ह्याची मागची बाजू बघा, गुळगुळीत आहे. घरच्या प्रिंटरवर काढलाय."

जगन्नाथरावांनी कागद पिशवीतून काढला, पालथा केला, अंगठा फिरवला.

"पोरगी रागात आहे," भुजंगराव म्हणाले. आवाज चढला होता. "घरात दोन शब्द झाले, त्याचा सूड उगवतेय. साक्ष कोण आहे तिला?"

"मी आहे," सिंधूबाई म्हणाल्या.

त्या बायकांच्या रांगेतून उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या. "जगन्नाथराव, तो कागद हुंगा. गेल्या आठवड्यात चार दिवस माझं कॉफीचं डिकॉक्शन पातळ येत होतं. म्हटलं, फिल्टर बिघडला की काय. ह्यांनी कागद पिवळा करायला माझं पहिलं डिकॉक्शन ताटलीत ओतलं होतं. चिकोरीसकट."

जगन्नाथरावांनी कागद नाकाशी नेला. बराच वेळ हुंगला. मग शेजारच्याकडं दिला, त्यानं हुंगून पुढच्याकडं, आणि असा तो कागद रांगेरांगेतून हॉलभर फिरून आला. भुजंगराव तोवर खुर्चीत बसले होते, कुणाकडं न बघता.

जगन्नाथराव खाकरले. "आयतु, झालं. कागद बाद. हा विषय इथं संपला, बाहेर कुणी बोलायचं नाही." मग ते थांबले, आणि म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांना खूश ठेवायची जी खोड असते ती वर आली. "पण आता मनं गढूळ झालीत. यंदा तलवार कुणीच नको वाहायला. कपाटात राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मागं कपांचा आवाज सुरू झाला. सुष्मा उभीच होती. एवढं करून काय मिळालं? ज्याच्यासाठी भांडली तेच कपाटात.

गोदावरीबाई उठल्या.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "गुरुवारपासून मी रडतेय, कागद खरा आहे असं समजून. आज माफी मागायला आले होते. आत्ता इथं बसल्या बसल्या मला कळलं, तो खरा असता तरी मी रडायला नको होतं. रणोजीराव काय, आणखी कुणी काय, मी चालले तेव्हा कुठं होते? त्या वर्षी ह्याच हॉलमध्ये तलवार टेबलावर पडून होती आणि तुम्ही सगळे घड्याळ बघत होता. जगन्नाथराव, तुम्हीसुद्धा. तेव्हा मला कुणी कागद विचारला नाही."

जगन्नाथरावांनी खाली बघितलं.

"खोटा कागद होता तर मी जायचं. तो बाद झाला तरी मी थांबायचं. हा कुठला न्याय? मी यंदा वाहणार. मनं गढूळ झाली असतील त्यांनी घरी निवळत बसा." त्या सुष्माकडं वळल्या. "सुष्मा, तुझ्याकडं नवं अक्षर आहे का ग? न झिजलेलं?"

"आहे, काकू." होतंच. झिजवण्याआधी तिनं आखलेलं शाबूत अक्षर, ज्याला आजवर एक गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

"मग लिही. आणि तारीख आजची घाल."

सुष्मा टेबलाशी बसली. लॅपटॉप उघडला. गोदावरीबाई सांगत गेल्या, ती टाइप करत गेली: 'मंडळाची तलवार गोदावरीबाई वाहतील. त्यांच्यामागं त्या नेमतील ती बाई वाहील.' दोनच ओळी. मंडळाच्या ऑफिसातला प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला, पांढराशुभ्र, काळी कुळकुळीत अक्षरं, एकाही कोपऱ्याला ओरखडा नाही. इतकं साधं काही आपण केलंय याचं तिलाच नवल वाटलं.

कागद टेबलावर ठेवला. कुणी हलेना. मग सिंधूबाई उठल्या, सरळ नवऱ्यापाशी गेल्या, त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि टेबलाशी येऊन सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. पेन सुष्माच्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी घरीच यायचं. घर माझंही आहे." सुष्माला इतका वेळ दाबून धरलेलं रडू तेव्हा आलं. तिनं नाक पुसलं आणि सही केली.

मग बायका उठल्या. त्यांच्यामागून रक्षित आला, बायकोकडं न बघता. सही करून तिथंच, तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. त्याच्यामागं बाप्यांचीही रांग लागली. जगन्नाथरावांना दोघांनी धरून आणलं. भुजंगराव आले नाहीत. शेवटी कागद सह्यांनी इतका भरला की त्यांच्यासाठी जागाही उरली नव्हती, आणि ती ठेवायची कुणाला आठवणही झाली नाही.

"लॅमिनेट करून आणतो," रक्षित म्हणाला. "भिजायचा नाही, फाटायचा नाही."

"नको," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि पिशवीत टाकली. "हाताळू दे पोरींना. झिजेल तेव्हा झिजेल." मग त्यांनी भिंतीशी जाऊन तलवारीचं कपाट उघडलं, मूठ निरखून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय ही कळा. सुष्मा, सासूला म्हणावं चिंच भिजत घाल. आजच घासायला घेऊ."